कार्यकर्त्याच्या दिवसाची मजुरी



मृणालताई गोरे यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानात वक्त्याची एक सोय असते आणि एक पंचाईत. सोय ही, की ताई कोण हे सांगत बसावं लागत नाही. पंचाईत ही, की त्यांच्याबरोबर हंडे-कळशा घेऊन मोर्चात गेलेल्या दोन-चार आजी समोरच्या खुर्च्यांवर नक्की असतात. वक्त्याने जरा तिखटमीठ लावलं, की नंतरच्या चहाला त्याची हजेरी घेतली जाते. त्यामुळे आठवणींच्या वाटेला मी जात नाही.

संयोजकांनी मला विषय दिला तो ‘तरुण नेतृत्वाची घडण’. पत्रिकेवर हा विषय शोभून दिसतो. मात्र यावर बोलणारे बहुतेक जण आत्मविश्वास, वक्तृत्व, दूरदृष्टी असं काहीबाही सांगतात आणि टाळ्या घेऊन घरी जातात. मी आज एका बिनशोभेच्या गोष्टीवर बोलणार आहे, ती म्हणजे पैसा. नेमकं सांगायचं तर कार्यकर्त्याच्या एका दिवसाची मजुरी. सार्वजनिक कामाला वाहून घेणाऱ्या तरुण मुलामुलींचा वेळ कोणाच्या खिशातून येतो, हा प्रश्न विचारल्याशिवाय नेतृत्वाबद्दल बोलणं मला पोकळ वाटतं.

एक प्रसंग सांगतो. उपनगरातल्या एका वॉर्ड ऑफिसात मी माझ्या कामासाठी बसलो होतो. खिडकीशी पंचविशीतली एक मुलगी उभी होती. तिच्या वस्तीतल्या शौचालयाच्या टाकीचं झाकण फुटलं होतं, त्याचा अर्ज घेऊन ती आली होती. खिडकीतल्या माणसाने अर्ज वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाला, “ठेवून जा, साहेबांना दाखवतो.” मुलगी हलली नाही. “पोच द्या,” ती म्हणाली. साहेब राउंडला गेलेत, शिक्का आतल्या टेबलावर आहे, आवकवाल्या बाई जेवायला बसल्यात, अशी कारणं एकामागून एक आली. ती बाकावर येऊन बसली. पिशवीतून तिने एक पुडकं काढलं. त्यात इमिटेशनची कानातली होती, खडे चिकटवायची राहिलेली. मालाडकडून हे काम घरोघरी जातं आणि ग्रोसवर पैसे मिळतात. खिडकीवर एक डोळा ठेवून बोटांच्या चिमटीने ती खडे बसवत राहिली. जेवणं उरकली. बाई आल्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का बसला, तारीख पडली, आवक क्रमांक पडला. मुलीने क्रमांक मोबाइलमध्ये टिपून घेतला, प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि मग उठली.

पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे तिला कोणीतरी शिकवलं होतं. शिकवणारा भेटणं ही मोठी गोष्ट आहेच. पण दुपार तिने कशी विकत घेतली ते पाहा. खडे चिकटवत बसली म्हणून ती थांबू शकली. तिच्या जागी नाक्यावरची बिगारी असती तर एका पोचेसाठी अख्खा दिवस बुडाला असता, आणि अर्जाला एकदा येऊन भागत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, पहिलं अपील २० रुपयांच्या. कायदा लिहिणाऱ्यांनी गरिबाला परवडेल अशीच फी ठेवली. पण अर्ज लिहायला, द्यायला, तीस दिवसांनी उत्तर आलं नाही म्हणून अपील करायला आणि सुनावणीला हजर राहायला जे दिवस मोडतात, त्यांची फी कोणत्याच नियमात छापलेली नाही. ती ज्याची त्याने भरायची.

ही अडचण आजची नाही. नामदार गोखल्यांना ती शंभर वर्षांपूर्वी पुरती कळली होती. १२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याची गोष्ट सांगताना आपण त्यागावर थांबतो. सभासदाने पाच वर्षं उमेदवारी करायची, अभ्यास करायचा, देश हिंडायचा, स्वतःसाठी पैसा मिळवायच्या फंदात पडायचं नाही, हे सगळं खरंच. त्याच शपथेची दुसरी बाजू मात्र आपण विसरतो. सभासदाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या पोटापाण्याची तजवीज समाज करणार होता. तजवीज बेताची असे, पण असे. गोखले स्वतः डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून वीस वर्षं ठरावीक वेतनावर राबले होते. नुसत्या निष्ठेवर चूल पेटत नाही हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

त्या तजविजीतून काय उभं राहिलं याचं एक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. अमृतलाल ठक्कर नावाचे इंजिनीयर मुंबई म्युनिसिपालिटीत नोकरीला होते. शहराचा कचरा उपनगराकडे वाहून नेण्याचं काम त्यांच्या देखरेखीखाली होतं. कुर्ल्याला सफाई कामगारांची वस्ती कशी राहते, हे त्यांनी तिथे रोज पाहिलं. १९१४ साली नोकरी सोडून ते भारत सेवक समाजात दाखल झाले आणि पुढे ठक्करबाप्पा झाले. ना. म. जोशीही त्याच समाजाचे. त्यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि पुढे गिरणी कामगारांची संघटना बांधली. दोघेही गुणी होते, पण गुणी माणसं त्या काळी इतरही पुष्कळ असतील. या दोघांना महिनाअखेरीची चिंता पेलणारी एक संस्था मिळाली.

तरी गोखल्यांच्या समाजाला एक मर्यादा होती. तिथे येणारा बहुधा पदवीधर, पांढरपेशा घरातला असे. सोडायला नोकरी असली तर माणूस ती सोडणार. ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही नाही, त्याचं काय?

हा प्रश्न बाबासाहेबांनी हाती घेतला, तोही आयुष्याच्या अगदी अखेरीस. जुलै १९५६ मध्ये मुंबईत त्यांनी राजकारणात उतरू पाहणाऱ्या तरुणांसाठी एक प्रशिक्षण शाळा सुरू केली. तिचा कारभार सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे पाहत. विद्यार्थी जेमतेम पंधराएक. कायदेमंडळ कसं चालतं, अर्थसंकल्प कसा वाचायचा, सभेत कसं बोलायचं हे शिकून लोकप्रतिनिधी तयार व्हावेत, अशी योजना होती. संसदीय लोकशाहीत विरोधी पक्ष चालवायचा तर नुसती चीड पुरत नाही, अभ्यासलेली माणसं लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि पुढच्या मार्चनंतर ती शाळा चालली नाही. महाराष्ट्रात बाबासाहेबांच्या नावाने किती संस्था निघाल्या याची मोजदाद करणं अवघड आहे. ही शाळा मात्र त्यांच्या अनुयायांपैकी कोणी त्याच रूपात पुन्हा नेटाने उघडली नाही. मला ही आपल्या सार्वजनिक जीवनातली एक मोठी चुकलेली संधी वाटते, आणि तिच्याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही.

आता आपल्या उपनगराकडे येतो. महापालिकेची हद्द १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि गोरेगाव, बोरिवली, मुलुंड सगळं मुंबई झालं. वस्ती आधी आली. पाणी, गटार, शाळा नंतर यायच्या होत्या, आणि त्यांनी बराच वेळ घेतला. याच मधल्या काळात मृणालताई १९६१ साली महापालिकेत निवडून गेल्या. राष्ट्र सेवा दलाच्या कामापायी त्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलं होतं. पती बंडू गोरे १९५८ मध्ये गेले तेव्हा घरात लहान मुलगी होती. तरीही त्या उभ्या राहू शकल्या. जिद्द तर होतीच, पण सेवा दल होतं, पक्ष होता, सांभाळून घेणारे सहकारी होते. असा गोतावळा पाठीशी असणं हीसुद्धा एक मजुरीच असते. ती पैशात मोजली जात नाही एवढंच. टोपीवाला बंगल्यापासून आरेच्या वेशीपर्यंत सगळ्यांना ओळखणारं ते गोरेगाव आज राहिलेलं नाही. सध्याच्या वीस मजली पुनर्वसन इमारतीत सातव्या मजल्यावरच्या मुलीला आठव्या मजल्यावर कोण राहतं हे ठाऊक नसतं. तिच्यासाठी तो गोतावळा मुद्दाम बांधावा लागतो.

तो बांधायचा प्रयत्न गेली पस्तीसएक वर्षं ज्या संस्थेने केला, तिच्याबद्दल आज जरा सविस्तर बोलायचं आहे. घाटकोपरच्या पलीकडे चेंबूरला कोरो नावाची संस्था आहे. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झालं आणि त्याच्या लाटेत १९८९ साली अनेक संस्थांच्या सहकार्यातून कोरो निघाली. काम ठरलेलं होतं, वस्त्यांमधून प्रौढांना अक्षरं शिकवायची. सुजाता खांडेकर नावाच्या शिक्षणाने अभियंता असलेल्या बाई या कामात आल्या आणि पुढे त्यांनी संस्थेची धुरा वाहिली.

साक्षरतेचे वर्ग चेंबूर-ट्रॉम्बेच्या पट्ट्यात भरू लागले. तिथे जे झालं ते साक्षरतेचं काम केलेल्या कोणालाही ओळखीचं वाटेल. बाया पाटी घेऊन बसत, पण बोलणं पाण्याच्या नळावर जाई, रेशन दुकानदारावर जाई, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यावर जाई. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी यांनी साठच्या दशकाच्या आरंभी निरक्षर शेतमजुरांना शिकवताना हेच हेरलं होतं, की माणूस अक्षर शिकतो ते स्वतःच्या जगण्यावर बोट ठेवायला. कोरोने यातून एक धाडसाचा निर्णय घेतला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. कामाची सूत्रं हळूहळू वस्तीतल्याच माणसांच्या हाती गेली. बाहेरून आलेल्यांनी चालवलेली संस्था वस्तीतल्यांनी चालवायला घेतली. आपल्याकडच्या स्वयंसेवी संस्थांत विश्वस्तांच्या यादीवरून नजर फिरवली, तर हे किती दुर्मीळ आहे ते कळेल.

महिला मंडळांचं फेडरेशन झालं, हिंसाचाराच्या तक्रारी वस्तीतल्या वस्तीत सोडवणारं जाळं उभं राहिलं. तरुण मुलांशी बोलायचं तर त्यांच्या पुरुषपणाच्या कल्पनांवरच बोलावं लागतं, हे ध्यानात आल्यावर ‘यारी-दोस्ती’ नावाचा कार्यक्रम आला. त्याचं मूळ लॅटिन अमेरिकेत आहे. ब्राझील आणि मेक्सिकोतल्या संस्थांनी गरीब वस्त्यांतल्या पोरांसाठी खेळ, नाट्यप्रसंग, गटचर्चा असा मालमसाला तयार केला होता. मुंबईच्या पोरांनी तो आपल्या गल्लीच्या बोलीत बसवला. रिओच्या टेकडीवरच्या वस्तीतलं पोरगं आणि घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवरचं पोरगं, दोघांना घरात रडायची बंदी सारखीच असते, हे लक्षात यायला तज्ज्ञ लागले नाहीत.

मग २००८ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने कोरोने तळागाळातल्या कार्यकर्त्यांसाठी फेलोशिप सुरू केली. हल्ली फेलोशिप म्हटलं की इंग्रजी मुलाखत देणारा, लॅपटॉपची बॅग अडकवलेला तरुण डोळ्यांसमोर येतो. इथे तसं नव्हतं. गावातल्या किंवा वस्तीतल्या छोट्या संघटनेने आपलाच माणूस सुचवायचा. दलित, भटके-विमुक्त, आदिवासी, मुस्लिम घरांतून ही माणसं आली, त्यात बाया मोठ्या संख्येने. शिक्षणाची अट अशी नाही की जिच्यापायी दार बंद व्हावं. प्रत्येकाने एक प्रश्न निवडायचा, स्वतःच्या गावचा. कोणी वनहक्काचा दावा, कोणी गावच्या विहिरीवरची शिवाशिव, कोणी एकल बाईच्या नावावर घर. ठरावीक काळाने सगळ्यांनी एकत्र यायचं, शिकायचं, भांडायचं, परत जायचं. आणि या काळात दरमहा मानधन.

मानधनाच्या रकमेवर कोणी श्रीमंत होत नाही. पण बाईच्या हातात दरमहा स्वतःची काही रक्कम येते, ती येते म्हणून सासू बैठकीला जाऊ देते, शेतावरच्या मजुरीचा खाडा घरात खपून जातो. मी ज्याला दिवसाची मजुरी म्हणतो ती ही. प्रशिक्षणाचं साहित्य उत्तम असेल, प्रशिक्षक निष्णात असतील, पण हा खाडा भरून निघाला नाही तर ती बाई दुसऱ्या बैठकीला येत नाही, आणि अहवालात ‘सहभागींमध्ये सातत्याचा अभाव’ असं लिहिलं जातं.

या फळीतून काय निघालं, त्याचं मुंबईतलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे ‘राइट टू पी’. मराठी सभेत हे नाव उच्चारताना पूर्वी लोक खाली बघत. आता बघत नाहीत, ही त्या मोहिमेचीच कमाई. २०११ साली अनेक संघटनांनी मिळून ती सुरू केली. चेंबूरच्या वस्तीतून पुढे आलेल्या मुमताज शेख आणि सुप्रिया सोनार यांची नावं या मोहिमेशी जोडलेली आहेत. मुमताज शेख यांची २०१५ मध्ये बीबीसीने जगभरातल्या १०० बायांत निवड केली. मला त्यांच्या सत्कारापेक्षा पद्धत जास्त भावते. आधी माहितीच्या अधिकारात अर्ज केले आणि महापालिकेच्या कागदावरच निघालं, की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे. मग स्टेशनबाहेर उभं राहून हजारो सह्या गोळा केल्या, अर्थसंकल्पातल्या तरतुदी वाचल्या, वॉर्डावॉर्डात जागा दाखवल्या. अधिकारी म्हणाले जागा नाही. यांनी नकाशावर बोट ठेवलं.

ज्यांनी हे केलं त्या बायांच्या वस्तीत सकाळी शौचालयाला रांग असते. फेरीवाली, घरकाम करणारी, कचरा वेचणारी बाई दिवसभर घराबाहेर असते आणि पाणी कमी पिते, कारण प्यायलं तर जायचं कुठे. मंत्रालयाजवळच्या कोणा विचारवंताला हा प्रश्न धोरणाचा वाटेपर्यंत ज्यांच्या मूत्रपिंडाशी तो निगडित होता त्यांनीच तो उचलला. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने दाखल केलेल्या याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं देण्याचे आदेश दिले आणि हा प्रश्न जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला. तरतूद झाली म्हणजे भिंती उभ्या राहिल्या असं होत नाही. अंधेरी किंवा बोरिवली स्टेशनबाहेर आज उतरून पाहा, किती चालावं लागतं. पण आता उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची, यावर वाद उरलेला नाही.

आता थोडं दूरचं सांगतो, कारण समोरच्या अनेकांची मुलं न्यू जर्सीत आणि टेक्सासात आहेत. अमेरिकेत मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा अशा ठिकाणांहून आलेल्या स्पॅनिशभाषक घरांचा मोठा समाज आहे. त्यांना तिकडे हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणतात. शेतं त्यांनी कसायची, हॉटेलं त्यांनी झाडायची आणि कायदे दुसऱ्यांनी करायचे, असा कारभार वर्षानुवर्षं होता. एडवर्ड रॉयबाल नावाचा तरुण १९४७ साली लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेच्या निवडणुकीत हरला. हरल्यावर त्याच्या मंडळींनी मतदार नोंदणी करणारी, घरोघरी बैठका घेणारी संघटना बांधली आणि १९४९ मध्ये तो निवडून आला. त्याच संघटनेसाठी फ्रेड रॉस नावाचा संघटक १९५२ मध्ये सान होझेच्या एका गरीब मोहल्ल्यात गेला. तिथे लाकडाच्या वखारीत काम करणारा पंचवीस वर्षांचा सीझर चावेझ त्याला भेटला. चावेझ पुढे शेतमजुरांचा मोठा पुढारी झाला. त्याआधी तो वखारीतली मजुरी सुटल्यावर या संघटनेचा पगारी कार्यकर्ता झाला. चरित्रकार ही ओळ पटकन ओलांडतात. मला तिथेच थांबावंसं वाटतं.

पुढे रॉयबाल काँग्रेसमध्ये गेले आणि १९७८ मध्ये हिस्पॅनिक खासदारांनी आपल्या समाजातल्या तरुणांसाठी वॉशिंग्टनला एक संस्था काढली. ती कॉलेजातल्या मुलामुलींना राजधानीत आणते, खासदारांच्या कार्यालयांत उमेदवारीला लावते, आणि मुख्य म्हणजे प्रवासखर्च, राहण्याची सोय आणि विद्यावेतन देते. हे का करावं लागलं? तिथल्या लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत उमेदवारी करणं कित्येक वर्षं बहुतेक बिनपगारी होतं. ज्याचा बाप राजधानीत भाड्याचं घर घेऊन देऊ शकतो त्याच्या पोराने कायद्याची प्रक्रिया जवळून पाहावी, अशी ती व्यवस्था. तिथल्या प्रतिनिधिगृहाने उमेदवारांना पगार द्यायला वेगळा निधी ठेवला तो २०१८ मध्ये. हिस्पॅनिकांनी सरकारची वाट पाहत बसायचं ठरवलं असतं तर चाळीस वर्षं गेली असती.

घरी परत येऊ. उपनगरात कार्यकर्ता घडवण्याचं काम कोणीच करत नव्हतं असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९६६ नंतर शिवसेनेची शाखा ही या पट्ट्यातली सगळ्यात यशस्वी प्रशिक्षण शाळा होती. बेकार पोराला तिने बसायला बाक दिला, लिहायला फळा दिला, रुग्णवाहिकेचा नंबर दिला आणि गल्लीत नाव दिलं. पोटाचा प्रश्नही तिने ओळखला. कुठे वडापावची गाडी लागली, कुठे स्थानिकांच्या भरतीत चिठ्ठी गेली. गोखल्यांची तजवीज आणि ही तजवीज यांत फरक एवढाच, की इथे उपकार फेडावे लागत. पुढे बिल्डर आले, तेव्हा तेही पोरांचे दिवस विकत घेऊ लागले, आणि ज्याने दिवस विकत घेतला त्याच्याविरुद्ध अर्ज लिहायला पोरगं कसं बसणार? हे एकाच पक्षाचं दुखणं समजू नका. ‘भावी नगरसेवक’ असा फलक ज्या कमानीवर लागतो तिचं बिल कोणी भरलं, हे वाढदिवसाच्या केकवर लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या बाजूला भाईंदरजवळ उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी १९८२ पासून लोकप्रतिनिधींना आणि कार्यकर्त्यांना शिकवते आहे. त्यांची विचारधारा माझी नाही. पण सभागृहात कामकाज कसं चालतं हे नव्या सदस्याला बसवून शिकवायला हवं, हे त्यांनी ओळखलं आणि चिकाटीने केलं, याची नोंद घ्यायला हवी. आम्ही दुसऱ्या बाजूच्या लोकांनी त्या काळात शिबिरं घेतली, गाणी म्हटली आणि पांगलो. मृणालताईंच्या नावच्या सभेत हे म्हणताना मला बरं वाटत नाही, पण म्हणतो.

आणि शिकून तयार झालेल्या मुलीने पुढे जायचं कुठे? मुंबईत २२७ नगरसेवक. निम्म्या जागा बायकांसाठी राखीव, हे २०१२ च्या निवडणुकीपासून. कायदा चांगला. पण वॉर्ड राखीव झाला की तिकीट बहुतेकदा आधीच्या नगरसेवकाच्या घरात, बायकोकडे नाहीतर वहिनीकडे जातं. २०१७ च्या निवडणुकीत उमेदवाराला १० लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा होती. खडे चिकटवणाऱ्या मुलीने ही मर्यादा ओलांडायची भीती बाळगण्याचं कारण नाही. त्यात ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती होतं. त्या काळात गटार तुंबलं तर नगरसेवकाला शिव्या घालायचीसुद्धा सोय नव्हती. मुलुंडपासून मानखुर्दपर्यंत ज्या वस्त्यांत असा एखादा शिकलेला, पोच मागणारा माणूस होता तिथे कागद हलला. जिथे नव्हता, तिथे लोक थांबले.

अशा माणसांना पोसणारा पैसा आता आटतो आहे. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये बदलला. मोठ्या संस्थेने परदेशी निधी घेऊन गावोगावच्या छोट्या संघटनांना वाटायचा, ही वाट बंद झाली. वस्तीतल्या दोन खोल्यांच्या मंडळाला याचा फटका जास्त, कारण त्यांना थेट कोण देणार? कंपन्यांचा दोन टक्क्यांचा पैसा आहे, २०१३ च्या कायद्याने आलेला. त्यातून शाळेला संगणक मिळतात, झाडं लागतात, भिंती रंगतात. कंपनीच्या अधिकाऱ्यासमोर जाऊन “वॉर्ड ऑफिसात प्रश्न विचारणाऱ्या बाईचा वर्षाचा पगार द्या” असं सांगून पाहा. तो नम्रपणे चहा मागवेल. त्याला दोष देत नाही, उद्या त्याच वॉर्ड ऑफिसात कंपनीलाही परवानगी मागायची असते.

मग राहतो आपण. या उपनगरांत मराठी माणसांनी काढलेल्या संस्था कमी नाहीत. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ सालचा. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ आहे, गोरेगावला केशव गोरे स्मारक आहे, आणि वाचनालयं, नाट्यमंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ यांची तर गणतीच नको. बहुतेकांकडे सभागृह आहे, लग्नाच्या मोसमात त्याचं भाडं येतं, बँकेत ठेवी आहेत. ठेवींच्या व्याजावर आपण व्याख्यानमाला भरवतो. माझ्यासारख्याला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, श्रोते घरी जातात.

एका संस्थेने एका वर्षासाठी एका माणसाचे दिवस विकत घ्यावेत, एवढंच मी मागतो. माणूस आपल्याच पिन कोडमधल्या वस्तीचा असावा आणि तो कोणी निवडायचा हे तिथल्या महिला मंडळाने ठरवावं, आपल्या कार्यकारिणीने नव्हे. किमान वेतनाएवढी रक्कम, दर महिन्याच्या एक तारखेला, सही घेऊन. त्याने संस्थेच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडायच्या नाहीत आणि आभारप्रदर्शनही करायचं नाही. महिन्यातून एकदा येऊन कोणते अर्ज केले, कोणाची पोच मिळाली, कोणी टोलवलं, ते वाचनालयात बसून सांगावं. आपल्यात निवृत्त इंजिनीयर आहेत, वकील आहेत, महापालिकेतून सेवानिवृत्त झालेले हेडक्लार्क आहेत. कुठल्या परिपत्रकात काय दडलंय हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? त्यांनी तासभर त्या मुलीसमोर बसावं. तिला अर्जाची भाषा मिळेल, आणि यांना दुपारी झोपेव्यतिरिक्त काहीतरी.

हिशेबतपासनीस विचारतील, हा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा. बहुतेक संस्थांच्या घटनेत ‘शैक्षणिक साहाय्य’ असं एक कलम असतंच, आणि ते वर्षानुवर्षं दहावीच्या गुणवंतांना पेन वाटण्यात संपतं. त्याच कलमात हे बसेल असं एका सनदी लेखापालांनी मला सांगितलं आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्यापैकी कोणीतरी ठराव मांडावा. मी आपल्या संस्थेचा सभासद नाही, त्यामुळे अनुमोदन देता येणार नाही. पण ठराव कोणी मांडला आणि कोणी पडू दिला, हे ऐकायला मागच्या रांगेत बसण्याची परवानगी कार्यवाहांनी द्यावी, एवढी विनंती करून मी थांबतो.